फॅरडेचा खल

ताप बघायचा म्हणून आपण डिजिटल थर्मामीटर काखेत धरतो आणि तो वाजेपर्यंत वाट पाहतो. त्याच्या टोकाशी पारा नसतो. मोहरीहूनही लहान असा एक काळपट कण असतो. हा कण सिरॅमिकचा, म्हणजे कपबशीच्या आणि फरशीच्या जातकुळीतला. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंची ऑक्साइडे एकत्र दळायची, ती पूड दाबून भट्टीत भाजायची, की हा कण तयार होतो. गरम झाला की त्यातून वीज अधिक सहज वाहते, आणि किती सहज वाहते यावरून ताप कळतो. सोनोग्राफीच्या यंत्राचा जो भाग डॉक्टर पोटावर फिरवतात, त्यातही सिरॅमिक असते. मोबाइल फोनमध्ये तर वीज साठवून ठेवणारे शेकडो सिरॅमिक कपॅसिटर दाटीवाटीने बसवलेले असतात. या सगळ्यांची सुरुवात दळणातून होते.

दळण आणि वीज या दोन्ही गोष्टी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका तळघरात एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या. त्या माणसाचे नाव मायकेल फॅरडे. शाळेच्या पुस्तकात तो तारेचे वेटोळे आणि चुंबक घेऊन भेटतो. त्याच्या हातातला खल मात्र सहसा कोणी दाखवत नाही.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीतला. वडील जेम्स हे लोहार. उत्तर इंग्लंडमधून पोटासाठी राजधानीत आलेले आणि बहुतेक वेळ आजारीच. घरात खाणारी तोंडे बरीच. १८०१ मध्ये धान्य महागले, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला एक पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती झाली. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचवणारा पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी तिथेच सात वर्षांच्या उमेदवारीवर पुस्तकबांधणी शिकू लागला.

रिबोचे दुकान हीच त्याची खरी शाळा. बांधायला आलेली पुस्तके तो बांधण्याआधी वाचून काढी. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपात लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक, या दोहोंनी त्याला वेड लावले. मार्सेटबाईंच्या पुस्तकातले जमतील ते प्रयोग तो दुकानाच्या मागच्या बाजूला करून बघे. वाचलेले हाताने पडताळून पाहायचे, ही सवय तेव्हा लागली ती शेवटपर्यंत सुटली नाही. गणित मात्र त्याला कधीच आले नाही. आपण जे करतो ते हातांनी आणि डोळ्यांनी, हे त्याला नीट माहीत होते.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरडेने व्याख्यानांची टिपणे काढली, आकृत्यांसह स्वच्छ उतरवली, स्वतःच त्यांचे पुस्तक बांधले आणि डेव्हींना पाठवून दिले. त्याच सुमारास नायट्रोजन ट्रायक्लोराइड या भयंकर स्फोटकाने डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली होती. लिहून घ्यायला कोणीतरी हवे होते, म्हणून काही दिवस फॅरडेला बोलावले गेले. पुढे प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीपायी काढून टाकावे लागले आणि १ मार्च १८१३ रोजी ती जागा फॅरडेला मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग, वर राहायला खोल्या, जळण आणि मेणबत्त्या. कामावर लागून काही आठवडे होतात न होतात तोच त्याच स्फोटकाने त्याचाही हात पोळला.

मग डेव्हींबरोबर दीड वर्षाचा युरोप दौरा झाला. डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले, ते त्याने मुकाट्याने सोसले. पण याच दौऱ्यात त्याने अँपिअरला पाहिले, व्होल्टाला पाहिले आणि फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला जाताना पाहिला. परत आला तो रसायनशास्त्रज्ञ होऊनच.

त्यानंतरची काही वर्षे पोटापाण्याच्या रसायनशास्त्राची. कोणाची चुनखडी तपासून दे, कोणाचे पाणी, कोणाची माती. हिंदुस्थानातून आलेल्या वुट्झ पोलादाचे नमुनेही त्याच्यासमोर आले. धार टिकवणाऱ्या या पोलादाचे गुपित काढावे म्हणून जेम्स स्टोडार्ट या कात्री-चाकू बनवणाऱ्या कारागिराबरोबर त्याने वर्षानुवर्षे पोलादाचे मिश्रधातू बनवले. वुट्झमध्ये ॲल्युमिनियम असते, असा निष्कर्षही काढला. तो चुकला. पण लोहाराचा मुलगा भट्टीपुढे उभा राहिला की रमत असे, हे त्या कामातून दिसते.

भट्टीवरचे असे काम चालू असतानाच, १८२० मध्ये, त्याच्या हातून भट्टी न लागणारा एक प्रयोग झाला. सिल्व्हर क्लोराइड या पांढऱ्या पुडीतून हायड्रोजनच्या आणि जस्ताच्या साहाय्याने चांदी कशी मोकळी होते, हे तो पाहत होता. त्यात त्याने एक सोपी गोष्ट केली. कोरडे सिल्व्हर क्लोराइड आणि जस्त एकत्र खलात घातले आणि घोटले. पाणी नाही, आम्ल नाही, आच नाही. थोड्याच वेळात खलातली पूड तापली आणि क्लोराइड जस्ताकडे जाऊन चांदी मोकळी झाली. जस्ताच्या जागी कथील, लोखंड, तांबे घेतले तरी घोटण्याने तोच बदल होत होता, प्रत्येकाच्या आपापल्या वेगाने.

आता यात नवल काय, असे आपल्याला वाटेल. वैद्यांच्या खलात पारा आणि गंधक घोटून काळीभोर कज्जली बनते, ती काही कोणी चुलीवर ठेवत नाही. पारा चकाकायचा थांबेपर्यंत घोटायचे, एवढेच. ग्रीसच्या थिओफ्रास्टसने तर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नोंदवून ठेवले आहे, की हिंगूळ तांब्याच्या खलात, तांब्याच्याच बत्त्याने, व्हिनेगर घालून रगडला की पारा सुटतो. पण कारागिराला ठाऊक असणे वेगळे आणि शास्त्राने दखल घेणे वेगळे. युरोपातल्या रसायनशास्त्राचा तेव्हाचा ठाम समज असा, की दोन पदार्थांची गाठ पडायची तर निदान एक तरी पातळ हवा. विरघळवा किंवा वितळवा. कोरड्या पुडी एकमेकींशी बोलत नाहीत. फॅरडेच्या खलात त्या बोलल्या.

खलात नेमके काय होते? पूड कितीही बारीक दिसली तरी तिचा प्रत्येक कण आतून कोट्यवधी अणूंचा बनलेला असतो, आणि शेजारच्या कणाला भेटतात ते फक्त त्याच्या पृष्ठभागावरचे अणू. बत्त्याचा दाब बसला की कण फुटतो. फुटल्यावर अगदी कोरा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावरचे अणू जोडीदारासाठी अस्वस्थ असतात. दुसऱ्याच क्षणी त्यावर दुसऱ्या पदार्थाचा कण चेपला जातो. फुटणे आणि चेपणे हजारो वेळा झाले की एकाचे थर दुसऱ्याच्या थरांत इतके मिसळतात, की अणूंना आता फार प्रवास करावा लागत नाही. भट्टी हेच काम उष्णतेने करते. ती अणूंना इतके हलवते की ते लांबचा प्रवास करू शकतात. खल प्रवासच कमी करून टाकतो.

फॅरडेने हे निरीक्षण नोंदवले आणि तो पुढे गेला. त्याचा विषय चांदी हा होता, घोटणे हा नव्हता. पुढच्याच वर्षी, १८२१ च्या जूनमध्ये, त्याने सारा बर्नार्डशी लग्न केले. दोघे रॉयल इन्स्टिट्यूशनच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहू लागले. त्या सप्टेंबरात वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरते हे त्याने दाखवून दिले, आणि मग विजेने त्याला पुरते ओढून घेतले. दुसऱ्याची कल्पना उचलली असा बोभाटा त्यावरून झाला. ज्यांनी हात दिला ते डेव्हीच १८२४ मध्ये त्याच्या रॉयल सोसायटीतल्या निवडीच्या आड आले. तो निवडून आला, पण मनातली जखम राहिली असणार.

खल मात्र त्याने टाकून दिला नव्हता. १८२७ मध्ये त्याने प्रयोगशाळेतल्या हातकामावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. वजन कसे करावे, नळी कशी वाकवावी, आच कशी राखावी, आणि त्यातच कुटावे कसे, घोटावे कसे, खल कशाचा असावा, हेही. थोर सिद्धान्तांच्या त्या काळात पूड बारीक करण्याला पुस्तकात जागा देणारा शास्त्रज्ञ विरळाच म्हणायचा.

त्या वेळी त्याच्या मानगुटीवर बसले होते ते काचेचे काम. दुर्बिणींसाठी निर्दोष, एकजिनसी काच हवी म्हणून रॉयल सोसायटीच्या समितीने १८२५ मध्ये हे काम त्याच्याकडे दिले. शिशाचे ऑक्साइड, बोरिक आम्ल आणि सिलिका यांची ही काच. शिसे जड, त्यामुळे ते तळाशी बसे आणि काचेत रेषा उमटत. शिसे खादाड, त्यामुळे ज्या मुशीत वितळवावे तिलाच ते खाई आणि मुशीचा अंश काचेत उतरे. शेवटी प्लॅटिनमचे तबक वापरावे लागले. १८२७ मध्ये इन्स्टिट्यूशनमध्येच भट्टी बांधली गेली आणि तिच्यावर चार्ल्स अँडरसन हा तोफखान्यातला निवृत्त सार्जंट मदतीला आला. सांगितलेले काम शब्दशः पार पाडणारा हा माणूस पुढे जन्मभर फॅरडेबरोबर राहिला. इतके करूनही दुर्बिणीजोगी काच काही हाती लागली नाही. १८३१ च्या उन्हाळ्यात फॅरडेने सोसायटीला कळवून हे काम बाजूला ठेवले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारा गुंडाळल्या, एकीत वीज सोडली आणि दुसरीला जोडलेली सुई हलली. ट्रान्स्फॉर्मर आणि जनित्र यांची ती सुरुवात. ही गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून ती इथे एवढीच.

आपल्या थर्मामीटरशी थेट नाते सांगणारी गोष्ट दीड वर्षाने घडली. १८३३ च्या फेब्रुवारीत तो निरनिराळ्या घन पदार्थांतून वीज वाहते का, हे तपासत होता. सिल्व्हर सल्फाइडचा तुकडा दोन धातूंच्या मध्ये धरून त्याने खाली दिवा लावला. तांब्याची किंवा लोखंडाची तार तापली की तिच्यातून वीज वाहायला अडचण होते. इथे उलटेच झाले. जसजसा तुकडा तापला तसतशी वीज वाढत गेली. दिवा काढला, तुकडा निवला, की वीज पुन्हा मंदावली. त्याने ते पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि धातूंहून निराळ्या या वागण्याची नोंद केली. ज्याला आज आपण अर्धवाहक म्हणतो त्याचे हे पहिले टिपण. त्याचा अर्थ लागायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली. तापले की वीज वाढवणाऱ्या याच स्वभावावर थर्मामीटरमधला तो कण चालतो. फक्त सल्फाइडच्या जागी दळलेली ऑक्साइडे आली.

मग १८३७ मधले पितळी गोल. एका गोलाच्या आत दुसरा, आणि मधल्या पोकळीत कधी हवा, कधी काच, कधी गंधक, कधी लाख. लाख म्हणजे हिंदुस्थानातल्या जंगलांतून लंडनच्या बाजारात जाणारी, आपल्याकडे बांगड्यांना लागते तीच. मधला पदार्थ बदलला की तेवढ्याच आकाराच्या गोलांत जास्त वीज साठते, हे फॅरडेला दिसले. तोवर समज असा की मधला पदार्थ नुसता अडसर, तो वीज रोखतो आणि गप्प बसतो. फॅरडेने दाखवले की तो गप्प बसत नाही, आतल्या आत ताणला जातो आणि साठवणुकीत भाग घेतो. अशा पदार्थाला डायइलेक्ट्रिक हे नाव विल्यम ह्यूएल या विद्वान मित्राने सुचवले. वीज साठवण्याच्या क्षमतेचे एकक पुढे फॅरडेच्याच नावाने फॅरड झाले.

लाख किंवा गंधक हवेच्या काही पटच वीज साठवतात. १९४० च्या दशकात, महायुद्धाच्या धामधुमीत, अमेरिका, रशिया आणि जपान इथे स्वतंत्रपणे बेरियम टायटेनेट हे सिरॅमिक हाती आले. ते हजार पटींहून अधिक साठवते. मोबाइलमधले बहुतेक कपॅसिटर त्याचेच असतात. बेरियम कार्बोनेट आणि टायटेनियमचे ऑक्साइड एकत्र दळणे, भाजणे, पुन्हा दळणे, अशी त्याची परंपरागत कृती आहे. यातले दळण बरीच वर्षे नुसते पूर्वतयारीचे समजले जाई, चिरणे-निवडणे असते तसे. खरे काम भट्टीचे.

गोलांच्या प्रयोगांनंतर फॅरडेची तब्येत ढासळली. चक्कर, डोकेदुखी, आणि सर्वांत वाईट म्हणजे विसरणे. चरित्रकारांनी पाऱ्यावर संशय घेतला आहे. त्या तळघरात पारा सांडलेला असे आणि उघड्या भांड्यांत वापरलाही जाई. अतिश्रम तर होतेच. १८४१ मध्ये सारा त्याला घेऊन स्वित्झर्लंडला गेली. तिथे तो डोंगरांतून भटकला, एका दिवसात चाळीस मैलांवर चालला. पायांना काही झाले नव्हते. साथ सोडली होती ती स्मृतीने. इंटरलाकेनला खिळे बनवणारे लोहार बघत तो रेंगाळला आणि लोहारकामाविषयीची आपली माया त्याने रोजनिशीत लिहून ठेवली, वडिलांची आठवण काढून.

विसरण्यावर त्याने काढलेला उपाय पुस्तकबांधणीच्या दुकानातलाच होता: लिहून ठेवणे. १८३२ पासून तो प्रयोगवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देत आला होता. तरीही एकदा कित्येक आठवडे खपून काढलेले निष्कर्ष आपण काही महिन्यांपूर्वीच काढून ठेवले होते, हे त्याला वही चाळताना कळले. प्रयोगावर जगणाऱ्या माणसाची यावर काय अवस्था झाली असेल?

बारीक पूड किती ताकदवान असते याचा एक करुण पुरावा १८४४ च्या सप्टेंबरात समोर आला. डरहममधल्या हॅसवेल कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे आणि मुले दगावली. सरकारने फॅरडेला आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना तपासासाठी पाठवले. नुसत्या खाणवायूने एवढा संहार झालेला नाही, हवेत उडालेली कोळशाची बारीक धूळही पेटली, असे दोघांनी अहवालात मांडले. कोळशाचा ढेकूळ सावकाश जळतो. त्याचीच धूळ हवेत उडाली की स्फोट होतो. कारण तेच, उघडा पृष्ठभाग. खाणीत हवेचा झोत मोजायला बंदुकीच्या दारूच्या चिमटीचा धूर करत, तेव्हा बाकीची दारू कुठे ठेवली आहे असे फॅरडेने खाणीतल्या लोकांना विचारले. ती एका पोत्यात होती आणि त्या पोत्यावर त्यालाच बसायला दिले होते. शेजारी उघड्या मेणबत्त्या जळत होत्या. धुळीविषयीचा इशारा मात्र खाणमालकांनी फारसा मनावर घेतला नाही. तो मान्य व्हायला आणखी काही दशके आणि बरेच मृत्यू लागले.

१८४५ मध्ये ती फसलेली जड काच अचानक कामी आली. तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे प्रतल चुंबकाने वळते, हे फॅरडेने १३ सप्टेंबरला पाहिले. साध्या काचेत हा परिणाम त्याच्या डोळ्यांना सापडत नव्हता. शिशाने लगडलेल्या काचेत सापडला. चार-सहा वर्षांची निष्फळ भट्टी अशी चौदा वर्षांनी फळली.

शिसे आजच्या इलेक्ट्रॉनिक सिरॅमिकवाल्यांनाही तसेच छळते. सोनोग्राफीच्या यंत्रातले सिरॅमिक हे शिसे, झिर्कोनियम आणि टायटेनियम यांच्या ऑक्साइडांचे. त्याला वीज दिली की ते थरथरते आणि ध्वनिलहरी सोडते, परत आलेल्या लहरीने दाबले गेले की वीज देते. ते भाजायला बाराशे अंशांच्या आसपास तापमान लागते आणि तेवढ्या आचेत शिशाचे ऑक्साइड वाफ होऊन उडू लागते. पदार्थाचे प्रमाण बिघडते ते वेगळेच, भट्टीजवळच्या माणसांच्या फुप्फुसांत शिसे जाते ते वेगळे. म्हणून झाकणे, जादा शिसे, धुराडी, असे उपाय करावे लागतात.

इथे खल परत आला, पण यंत्राच्या रूपात. १८९० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या कॅरी ली या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की चांदीची आणि पाऱ्याची काही संयुगे तापवली तर विघटन न होता वितळतात किंवा उडून जातात, पण खलात घोटली तर मोडतात. म्हणजे घोटणे ही मंद आच नव्हे, तो स्वतंत्र मार्ग आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत जॉन बेंजामिन यांनी विमानाच्या इंजिनांसाठी धातूंच्या आणि ऑक्साइडांच्या पुडी पोलादी गोळ्यांसह यंत्रात दळून मिश्रधातू बनवले. तीच युक्ती पुढे सिरॅमिककडे आली. घट्ट बंद डब्यात पूड आणि कठीण गोळ्या घालायच्या आणि तो डबा स्वतःभोवती आणि मोठ्या चाकाभोवती असा एकदम गरगरा फिरवायचा. गोळ्या एकमेकींवर आदळतात आणि मध्ये सापडलेली पूड प्रत्येक टकरीला फुटते, चेपते. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस शिसे, मॅग्नेशियम आणि नायोबियम यांची ऑक्साइडे वीसेक तास अशी दळून हवे ते स्फटिकरूप डब्यातच मिळवले. भट्टीत सरळ भाजल्यास याच मिश्रणात एक नको असलेले रूप हमखास शिरते.

भट्टी पूर्णपणे सुटत नाही. पुडीचा घट्ट तुकडा करायला आच लागतेच, पण दळलेली पूड इतकी उतावीळ असते की कमी आचेत जमते आणि शिसे कमी उडते. अडचणीही आहेत. गोळ्या आणि डबा झिजतात आणि ती झीज पुडीत उतरते, फॅरडेच्या मुशीसारखीच. पोलादी गोळ्यांचे लोखंड विजेचे गुण बिघडवते, म्हणून झिर्कोनिया किंवा टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्या घेतात. तासन्तास यंत्र फिरवायला वीज जळते. शिशाची वाफ टळली तरी शिशाची पूड असतेच. डबा उघडणाऱ्याने तोंडावर मास्क बांधलेला बरा.

१८५७ मध्ये फॅरडेने सोन्याचे इतके सूक्ष्म कण पाण्यात तरंगवले की द्रव माणकासारखा लाल दिसू लागला. धातू बारीक केला की त्याचा रंगसुद्धा बदलतो, हे त्याने ओळखले. मोठे काम म्हणावे असे हे जवळजवळ शेवटचेच. सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. १८५८ मध्ये राणीने हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिले, तेवढे घेतले. १२ मार्च १८६२ रोजी त्याने वहीत शेवटची प्रयोगनोंद केली. परिच्छेदाचा क्रमांक सोळा हजारांवर गेला होता. त्यानंतर नावे, माणसे, शब्द एकेक करून निसटत गेले. सारा जवळ होती. मूलबाळ नव्हते. २५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या अभ्यासिकेत खुर्चीवर बसल्या बसल्या तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर नाव आणि तारखा यांपलीकडे फारसे काही नाही.

प्रयोगवह्या त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनला ठेवल्या. त्या १९३० च्या दशकात सात खंडांत छापल्या गेल्या आणि सल्फाइड, लाख, जड काच यांच्या नोंदी सर्वांना वाचायला मिळाल्या. खलातल्या चांदीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते. मेरिलँडमध्ये काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ लास्लो टाकाच यांनी १८२० चा तो जुना लेख शोधून काढला, फॅरडेने लिहिल्याप्रमाणे सिल्व्हर क्लोराइड आणि धातू पुन्हा एकत्र घोटले आणि २००७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. जस्त घातल्यावर पूड तापली आणि चांदी मोकळी झाली.